कुत्र्याला पॅनस झालाय? नव्या पालकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

डॉक्टरांनी डोळे तपासले, 'पॅनस आहे' म्हणाले आणि हातात दोन औषधं दिली, की बहुतेकांच्या तोंडी पहिला प्रश्न एकच असतो: किती दिवसांत बरा होईल? उत्तर ऐकायला कठीण आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकतो. हा आजार मुळापासून जात नाही. पण तो आवरता येतो, आणि वेळेत आवरला तर बहुतेक कुत्र्यांची नजर कामापुरती शाबूत राहते. गाडी अडते ती सातत्यावर. पॅनस सहसा दुखत नाही. कुत्रा कण्हत नाही, जेवण सोडत नाही, चेंडूमागे पूर्वीसारखाच धावतो. डोळा जरा स्वच्छ दिसायला लागला की घरातल्यांना वाटतं, झालं काम. मग एक वेळ चुकते, मग दोन, मग बाटली कपाटात मागे सरकते. काही आठवड्यांत डोळ्यावर पुन्हा लाल थर चढू लागतो.

ज्यांच्या घरी हे निदान नुकतंच झालंय, किंवा आपल्या कुत्र्याच्या डोळ्यात काहीतरी वेगळं दिसतंय अशी ज्यांना शंका आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. औषध कोणतं आणि किती वेळा, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. ते का दिलंय आणि घरी त्याचं काय करायचं, एवढं इथे सांगतो.

पायरी १: डोळ्यात नेमकं काय चाललंय ते समजून घ्या

डोळ्याच्या अगदी पुढे, बाहुली आणि तिच्याभोवतीच्या रंगीत भागासमोर, एक पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. कुत्र्यात तो जेमतेम अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून किंचित जाड असतो. निरोगी कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, रंगद्रव्यही नसतं, म्हणूनच तो आरपार दिसतो. त्याचं पोषण अश्रूंमधून आणि डोळ्याच्या आतल्या द्रवातून होतं.

पॅनसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती याच पडद्याला परका समजून त्याच्यावर उलटते. लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा या रोगप्रतिकारक पेशी कॉर्नियाच्या कडेने, म्हणजे डोळ्याचा पांढरा भाग जिथे संपतो तिथून, आत शिरतात. पाठोपाठ बारीक रक्तवाहिन्या येतात. मग गुलाबी, मांसल थर वाढतो. तो जुना होत गेला की त्यात तपकिरी-काळं रंगद्रव्य साचतं. थराच्या पुढच्या कडेला कधी कधी पांढुरके ठिपकेही दिसतात. हे सगळं हळूहळू मध्याकडे सरकतं आणि बाहुलीसमोर पोचलं की नजर अडते. डोळ्याचा आतला भाग, म्हणजे भिंग आणि दृष्टिपटल, तोवर ठणठणीत असू शकतो. समोर पडदा आल्यामुळे प्रकाश आत पोचत नाही, एवढंच.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, हा जंतूंचा आजार नाही. घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला, मांजराला किंवा तुम्हाला तो लागत नाही, आणि नुसत्या अँटिबायोटिक थेंबांनी तो हटतही नाही. दुसरी, आवर घालायचा तो रोगप्रतिकारशक्तीला. तिचा स्वभाव काही बदलत नाही, म्हणून औषधही थांबत नाही.

मग हा होतो कुणाला? सगळ्यात जास्त जर्मन शेफर्डला. इतका, की या जातीच्या कुत्र्याच्या दोन्ही डोळ्यांत कडेने लाली सरकताना दिसली की डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव हेच येतं. बेल्जियन शेफर्डचे प्रकार, ग्रेहाउंड, बॉर्डर कोली, सायबेरियन हस्की यांच्यातही तो आढळतो. मिश्र जातीच्या कुत्र्यांनाही होऊ शकतो, खास करून अंगात शेफर्डचं रक्त असेल तर. सुरुवात बहुधा तीन ते पाच वर्षांच्या वयात होते. वर्ष-दीड वर्षाच्या पिल्लावस्थेतच दिसला तर तो जास्त आक्रमक निघण्याची शक्यता असते, तेव्हा अशा कुत्र्याच्या बाबतीत 'थोडं थांबून बघू' म्हणू नका.

अनुवंशाच्या जोडीला दुसरं कारण म्हणजे ऊन. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे कॉर्नियातल्या प्रथिनांत बदल होतो आणि शरीर त्यांना परकं समजू लागतं, असं मानलं जातं. समुद्रसपाटीपासून खूप उंचावर हे किरण तीव्र असतात, आणि तिथल्या कुत्र्यांमध्ये हा आजार जास्त आढळतो, जास्त चिवटही असतो. उन्हाळ्यात तो उसळतो, हे तर पालकांना स्वतःच्या अनुभवाने कळतंच.

कागदपत्रांवर 'क्रॉनिक सुपरफिशियल केराटायटिस' किंवा 'उबररायटर सिंड्रोम' असं लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका. तीही याच आजाराची नावं आहेत.

पायरी २: घरी डोळा बघायला शिका

कुत्रा जवळ आला, चेहरा चाटून गेला आणि तुम्ही डोळ्यात डोकावलात, याने काही कळत नाही. समोरून बघितलं की लक्ष बाहुलीकडे जातं, आणि पॅनस सुरू होतो तो कडेला.

खोलीतला उजेड कमी करा. कुत्र्याला बसवा. मोबाइलचा टॉर्च थेट डोळ्यात न मारता बाजूने, तिरका धरा. आता डोळ्याचा कानाकडचा कोपरा बघा, विशेषतः कॉर्नियाची तिथली खालची बाजू. पॅनसची सुरुवात बहुतेक वेळा तिथेच होते. नाकाकडची कड नंतर धरली जाते, मग खालची, आणि वरची सगळ्यात शेवटी. वरची पापणी अंगठ्याने हलकेच उचलून तीही बघून घ्या.

सुरुवातीला दिसतो तो फक्त लालसर, धुरकट पट्टा. त्यात नीट निरखलं तर पांढऱ्या भागातून कॉर्नियावर आलेल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या दिसतात. पुढे तो पट्टा किंचित उंचवट्यासारखा, ओलसर गुलाबी होतो. त्याच्यामागे कडेला तपकिरी झाक येते. दोन्ही डोळ्यांत हे असतं, पण दोन्हीकडे सारखंच असेल असं नाही. एका डोळ्यात बरंच पुढे गेलेलं आणि दुसऱ्यात जेमतेम सुरू, असंही होतं. तेव्हा 'एकच डोळा बिघडलाय' असं वाटलं तरी दुसराही टॉर्चने बघा.

तिसरी पापणी विसरू नका. नाकाकडच्या कोपऱ्यातून डोळ्यावर सरकणारी ही पापणी बऱ्याच कुत्र्यांत काळसर कडेची असते. ती कड जाड, खडबडीत, गुलाबी-पांढुरकी झाली असेल तर तोही याच कुटुंबातला आजार असू शकतो. डॉक्टर त्याला प्लाझ्मोमा म्हणतात. कधी तो पॅनसबरोबर येतो, कधी एकटाच. नावाने घाबरू नका, कर्करोगातल्या गाठीशी त्याचा संबंध नाही. उपचारही साधारण त्याच औषधांनी होतात.

पॅनससारखं दिसणारं बरंच काही असतं. वय झालेल्या कुत्र्याच्या बाहुलीच्या आत निळसर धूसरपणा दिसतो, तो भिंगाचा वयोमानाने होणारा बदल असतो. मोतीबिंदूही बाहुलीच्या आतच दिसतो. पॅनस मात्र पुढच्या पृष्ठभागावर, कडेकडून आत येणारा. डोळा कोरडा पडण्याच्या आजारातही लाली, रक्तवाहिन्या आणि काळपटपणा येतो, पण सोबत चिकट, दोरीसारखी सुटणारी चिपडं बरीच असतात आणि डोळ्याची चमक गेलेली असते. घरात कुणी 'डोळ्यात फूल पडलंय' म्हणून मोकळं होईल. फूल पडण्यामागे जुन्या जखमेचा व्रणही असू शकतो. घरच्या घरी निदान करायला हे सांगत नाही. डॉक्टरांना काय दिसलं ते नीट सांगता यावं, म्हणून सांगतोय.

एक खूण मात्र पक्की लक्षात ठेवा: दुखणं. कुत्रा डोळा मिचकावत असेल, अर्धा मिटून घेत असेल, पंजाने चोळत असेल, उजेडाला बिचकत असेल, तर नुसत्या पॅनसवर बोट ठेवून गप्प बसू नका. कॉर्नियावर जखम, डोळ्याच्या आत दाह किंवा काचबिंदू असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

पायरी ३: तपासणीला जाताना

जाण्याच्या दिवशी डोळ्यात काहीही घालू नका, पुसूही नका. चिपडं असतील तर असू देत, त्यांचा रंग आणि चिकटपणा बघूनही डॉक्टरांना अंदाज येतो. आधीपासून थेंब चालू असतील तर ते थांबवायचे का, हे फोन करून विचारा. सोबत आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या न्या, रिकाम्यासुद्धा. मागच्या काही महिन्यांतले चेहऱ्याचे फोटो मोबाइलवर असतातच, ते शोधून ठेवा. डोळ्यातला बदल कधी सुरू झाला ते त्यांच्यावरून अनेकदा लक्षात येतं.

पॅनसचं निदान बहुतांशी जात, वय आणि डोळ्याचं रूप यावरून होतं. तरी तीन छोट्या तपासण्या व्हायलाच हव्यात, आणि त्या झाल्या नाहीत तर विचारायला संकोचू नका.

पहिली, अश्रू मोजण्याची. खालच्या पापणीत एक कागदी पट्टी मिनिटभर अडकवतात आणि ती किती ओली झाली ते बघतात. एका मिनिटात १५ मिलिमीटर किंवा अधिक म्हणजे ठीक. १० च्या खाली असेल तर डोळा कोरडा पडत असल्याचा संशय. इतर कुठलेही थेंब घालण्याआधी ही तपासणी करावी लागते, नाहीतर आकडा खोटा येतो.

दुसरी, फ्लुरोसिनची. नारिंगी रंगाचं औषध डोळ्यात सोडतात आणि निळ्या उजेडात बघतात. कॉर्नियाचा वरचा थर कुठे खरवडला असेल तर तेवढी जागा हिरवी चमकते. ही तपासणी का महत्त्वाची, ते पुढच्या पायरीत येईल. माझ्या मते तिन्हींत हीच सगळ्यात मोलाची.

तिसरी, डोळ्यातला दाब. कुत्र्यात तो ढोबळमानाने पाऱ्याच्या १० ते २५ मिलिमीटर असतो. त्याहून बराच जास्त असेल तर काचबिंदू, बराच कमी असेल तर आतल्या दाहाचा संशय.

शंका उरलीच तर कॉर्नियावरून हलकेच पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. भूल म्हणून थेंब पुरतात आणि सहसा कुत्रा फार त्रास देत नाही. नेत्रविकाराचे पशुवैद्यक जवळपास असतील तर निदानाच्या वेळी एकदा त्यांना दाखवून घ्यावं. पुढची नेहमीची तपासणी तुमच्या रोजच्या डॉक्टरांकडे चालते.

पायरी ४: औषधं कोणती आणि का

उपचाराच्या मुळाशी दोन गट असतात.

पहिला स्टेरॉइडचे थेंब: प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्का किंवा डेक्सामेथासोन ०.१ टक्का. दाह झपाट्याने खाली आणणारं औषध हेच. सुरुवातीला ते दिवसातून तीन-चार वेळा दिलं जातं. पुढे डोळा निवळला की हळूहळू वेळा कमी होतात. प्रेडनिसोलोन ॲसिटेटचे थेंब म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक कण असतात. बाटली उभी राहिली की ते तळाला बसतात. प्रत्येक वेळी चांगली हलवून घ्या, नाहीतर अर्धी बाटली पाणी आणि उरलेली अर्धी दुप्पट तीव्र, असा प्रकार होतो.

दुसरा गट सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस यांचा. ही औषधं मलमाच्या किंवा थेंबांच्या रूपात येतात आणि रोगप्रतिकारक पेशींच्या एका विशिष्ट साखळीला लगाम घालतात. बहुधा दिवसातून दोनदा. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून दहा दिवसांत 'उपयोग नाही' म्हणून सोडून देऊ नका. त्यांचा मोठा फायदा असा की लांब पल्ल्यात स्टेरॉइडची गरज कमी होते, शिवाय डोळा कोरडा पडत असेल तर अश्रूही वाढतात. टॅक्रोलिमसचं त्वचेवर लावायचं मलमही मिळतं. नाव तेच असलं तरी ते डोळ्यासाठी बनवलेलं नसतं, तेव्हा दुकानदाराने 'एकच आहे' म्हटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. ही औषधं हाताळताना हातमोजे घाला किंवा नंतर हात साबणाने धुवा.

आता फ्लुरोसिनकडे परत. कॉर्नियावर जखम असताना स्टेरॉइड घातलं तर जखम भरत नाही, उलट झपाट्याने खोल जाऊ शकते. डोळा फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. पॅनस असलेल्या कुत्र्याच्या घरात स्टेरॉइडची बाटली कायम हाताशी असते, आणि धोका इथेच आहे. झुडपात शिरताना काटा लागला, मांजराने पंजा मारला, डोळा लाल झाला, की 'पॅनस वाढला' समजून जास्त थेंब घातले जातात. म्हणून नियम असा: डोळा अचानक मिटला, दुखू लागला किंवा एकदम पांढुरका-निळसर झाला, तर स्टेरॉइड थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा, बाटलीवर चिकटवलात तरी चालेल.

घरात पडलेल्या माणसांच्या थेंबांचंही तेच. अँटिबायोटिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कितीतरी बाटल्यांत जोडीला स्टेरॉइड असतं. लेबलवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. पॅनसवर घरगुती उपाय कुठलाच नाही, आणि डोळ्यात घालून बघण्यासारखं तर नक्कीच काही नाही.

पायरी ५: थेंब घालण्याची सवय लावा

सगळ्या लेखात एकच भाग नीट वाचायचा असेल तर हा वाचा. उत्तम औषध आणि हुशार डॉक्टर मिळूनही पॅनस वाढतो तो इथे.

समोरून बाटली घेऊन येणारा हात कुठल्याच कुत्र्याला आवडत नाही. म्हणून मागून जा. कुत्र्याला कोपऱ्यात किंवा भिंतीशी बसवा, म्हणजे त्याला मागे सरकायला जागा राहत नाही. तुम्ही त्याच्या मागे किंवा बाजूला गुडघ्यावर बसा. एका हाताने हनुवटी धरून तोंड किंचित वर करा आणि त्याच हाताच्या अंगठ्याने खालची पापणी थोडी खाली ओढा. बाटली धरलेल्या हाताची कड त्याच्या कपाळावर टेकवा. हे टेकवणं महत्त्वाचं आहे, कारण त्याने डोकं हलवलं तरी तुमचा हात त्याच्यासोबत हलतो आणि टोक डोळ्यात घुसत नाही. त्याच हाताच्या बोटाने वरची पापणी जराशी वर घ्या आणि वरून एक थेंब सोडा. बाटलीचं टोक डोळ्याला, पापणीला किंवा केसांना लागू देऊ नका. लागलं तर बाटलीत जंतू जातात.

एक थेंब पुरतो. डोळ्यात त्याहून जास्त मावत नाही, दुसरा गालावरून ओघळून वाया जातो. नीट पडल्याची खात्री नसेल तेव्हाच पुन्हा घाला.

दोन औषधं असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. आधी थेंब, शेवटी मलम. मलम आधी लावलं तर त्याच्या तेलकट थरावरून थेंब घसरून जातात. मलमाची तांदळाच्या दाण्याएवढी रेघ खालच्या पापणीच्या आत सोडा आणि पापणी मिटून हलकेच दाबा, पसरायचं काम डोळा स्वतः करतो.

आणि लगेच खाऊ द्या. 'शहाणा माझा' म्हणून भागत नाही, तोंडात काहीतरी पडलं पाहिजे, तेही त्याच्या अतिशय आवडीचं आणि फक्त याच वेळी मिळणारं. पहिले काही दिवस औषधाच्या वेळा सोडून एरवी नुसती नाटकं करा: बसवा, हनुवटी धरा, खाऊ द्या, मग रिकामी बाटली डोळ्याजवळ न्या, खाऊ द्या. निदान झाल्या दिवसापासून औषध सुरू करावंच लागतं हे खरं, पण मधल्या वेळात अशी तालीम केली तरी फरक पडतो. काही कुत्रे बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज ऐकून आपणहून कोपऱ्यात येऊन बसतात. गुरगुरणारा किंवा चावणारा कुत्रा असेल तर झटापट करू नका. एकाने खाऊ दाखवत राहायचं आणि दुसऱ्याने औषध घालायचं, किंवा डॉक्टरांकडून मझलची (तोंडाला बांधायच्या जाळीची) सवय कशी लावायची ते शिकून घ्यायचं.

घरात औषध घालणारे दोघे-तिघे असतील तर कागदावर खूण करायची पद्धत ठेवा. 'मला वाटलं तू घातलंस' हे वाक्य पॅनसचा मित्र आहे. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि लेबलवर दिलेल्या मुदतीनंतर फेकून द्या.

पायरी ६: उन्हाचा बंदोबस्त

कुत्र्याला अंधारात कोंडून ठेवायची गरज नाही. फिरायला सकाळी लवकर आणि ऊन कलल्यावर न्या. भर दुपारी अंगणात, गच्चीत किंवा बाल्कनीत बसायची सवय असेल तर सावलीची सोय करा. पाणी, वाळू आणि बर्फ यांवरून परावर्तित होणारं ऊन नुसत्या सावलीने टळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

अतिनील किरण अडवणारे, कुत्र्यांसाठीचे गॉगल मिळतात. उपयोगी आहेत, पण फक्त ज्यांचे कुत्रे ते डोळ्यांवर राहू देतात त्यांच्यासाठी. बरेच गॉगल पहिल्याच आठवड्यात चघळून संपतात. आधी घरात पाच-दहा सेकंद घाला, खाऊ द्या, काढा. रोज थोडं वाढवा. पट्टा मागे नीट बसला पाहिजे आणि काचेची आतली बाजू कॉर्नियाला घासता कामा नये. भरपूर ऊन असलेल्या जागी राहत असाल किंवा कुत्रा तासन् तास बाहेर कामाला असेल तर ही मेहनत घ्यावी. नाहीतर वेळा बदलून बरंच काम भागतं.

पायरी ७: पुढची तपासणी आणि घरची नोंद

पहिली फेरतपासणी बहुधा काही आठवड्यांत होते. तोवर लाली आणि मांसल थर बसू लागलेला दिसायला हवा. रक्तवाहिन्या आतलं रक्त आटून पुसट होतात. तपकिरी रंगद्रव्य मात्र सहज जात नाही. ते थोडं पातळ होतं, पण पुष्कळदा कायमचं राहतं. तेव्हा यश मोजायचं ते 'डोळा पूर्ण स्वच्छ झाला का' यावर नाही, 'थर पुढे सरकायचा थांबला का आणि बाहुलीसमोरची जागा मोकळी आहे का' यावर.

महिन्यातून एकदा, त्याच खोलीत, त्याच उजेडात, दोन्ही डोळ्यांचे कडेचे फोटो काढून ठेवा. रोज बघणाऱ्या नजरेला हळू होणारा बदल दिसत नाही, फोटो शेजारी ठेवले की दिसतो. डॉक्टरांनाही तुमच्या 'थोडं वाढलंय बहुतेक' पेक्षा त्याचा उपयोग जास्त.

औषधाच्या वेळा कमी करायच्या त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि एकेक टप्प्याने. उन्हाळ्याआधी डॉक्टर त्या पुन्हा वाढवायला सांगू शकतात, त्यात उपचार फसल्याचं काही नाही. वर्षानुवर्षं स्टेरॉइडचे थेंब चालू असतील तर, खास करून छोट्या कुत्र्यांत, औषध अंगात शोषलं जाऊन तहान, लघवी आणि भूक वाढू शकते. असं दिसलं तर सांगा. मधुमेह असेल किंवा इतर कारणासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात, तर डोळ्यात स्टेरॉइड चालू आहे हे न विसरता आधीच सांगा. 'थेंबच तर आहेत' म्हणून लोक ते सांगत नाहीत.

पायरी ८: थेंबांनी भागलं नाही तर

आधी स्वतःला विचारा की औषध खरोखर ठरल्याप्रमाणे पडतंय का. बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं. पडत असेल आणि तरीही थर पुढे येत असेल, तर डॉक्टर डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाखाली लांब टिकणाऱ्या स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ शकतात. नेत्रविकाराच्या मोजक्या केंद्रांत स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य वापरून वरवरची बीटा किरणं देण्याची किंवा अतिथंड करून रंगद्रव्य काढण्याची सोय असते. फार दाट झालेला थर शस्त्रक्रियेने खरवडून काढता येतो. पण कॉर्निया आधीच पातळ, तेव्हा अशी खरवड पुन्हा पुन्हा करता येत नाही. शस्त्रक्रियेनंतरही थेंब चालूच राहतात. ते बंद केले तर थर परत येतो.

पायरी ९: नजर कमी झालीच असेल तर

उशिरा निदान झालेल्या काही कुत्र्यांची नजर अधू होते. घरातलं सामान हलवू नका, पाण्याचं भांडं जागचं सोडू नका, जिन्याला फाटक लावा, झोपेत हात लावण्याआधी हाक मारा. बाहेर पट्ट्याशिवाय सोडू नका. वास आणि कान यांच्या जोरावर कुत्री ओळखीच्या जागी आश्चर्य वाटेल इतकी सहज वावरतात. म्हणूनच नजर गेल्याचं घरच्यांना उशिरा कळतं, अनोळखी जागी धडपडल्यावर. औषध मात्र अशाही डोळ्यात चालू ठेवा, थर निवळला तर थोडी नजर परत मिळू शकते.

पॅनस झालेल्या कुत्र्यापासून पिल्लं घेऊ नका. त्याची भावंडं किंवा आईवडील कुणाकडे आहेत हे माहीत असेल तर त्या घरी एक फोन करा आणि टॉर्च तिरका धरून कानाकडचा कोपरा कसा बघायचा ते सांगा.